मधल्या फळीतला माणूस

आपण फुटबॉलचा इतिहास लिहितो तो गोल मोजून. मग चेंडू हिसकावून पुढच्याला देण्यात ज्याची हयात गेली, त्याची नोंद कुठं करायची? गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स हा असा माणूस. डेम्पो संघात आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली तो बचावात्मक मिडफिल्डर म्हणून वर्षानुवर्षं राबला. 2004-05 ते 2011-12 या काळात डेम्पोनं 5 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. गोलांच्या यादीत याचं नाव शोधायला गेलो, तर आमच्या हाताला फारसं काही लागलं नाही.

एक दिवस मात्र लागला. 30 जुलै 2008, हैदराबाद. म्हणजे आपल्या हिंगोलीची 1956 पर्यंतची राजधानीच की! एएफसी चॅलेंज चषक, समोर अफगाणिस्तान. नव्वद मिनिटं संपली, गोलफलक कोरा. आणि भरपाईच्या वेळेत गोल केला तो याच माणसानं.

पुढे 13 ऑगस्टला दिल्लीत अंतिम सामन्यात ताजिकिस्तानवर 4-1 असा विजय, त्यात सुनील छेत्रीचे 3. भारत 1984 नंतर प्रथमच आशियाई चषकात पोचला. छेत्रीचे तीन गोल सगळ्यांना पाठ. हैदराबादचा एक कुणाला आठवतो?

2011 ला दोह्याला गेलेल्या संघात क्लायमॅक्सही होता. तिथं आपण तिन्ही सामने हरलो, 13 गोल बसले. ते मात्र सगळ्यांनी नीट मोजले.