परकी भाषा, लहान वय आणि कुणाची मुलं?



नालासोपाऱ्यातल्या आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे येणारी चौथीतली एक मुलगी इंग्रजी कविता घडाघडा म्हणते. त्याच कवितेतला एक शब्द वहीत लिहून दिला, तर तो तिला वाचता येत नाही. मराठीही ती अडखळतच वाचते. तिची आई चार घरची कामं करते आणि कमाईचा मोठा वाटा 'इंग्लिश मीडियम'च्या फीमध्ये घालते. हे पाहून कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या लहान पोरांना परकी भाषा हवीच कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही. पण तो कधी आणि कुणाच्या मुलांबाबत विचारला गेला, ते तपासायला हवं.

सुरुवात आपल्या वसईतूनच करू. इथे १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांची सत्ता होती. सोळाव्या शतकात इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेजुइट पाद्र्यांकडे शिकला आणि पुढे जपानमध्ये जपानी शिकून थेट हिदेयोशीच्या दरबारात दुभाषा झाला. वसईच्या पोराला भाषेने जग उघडून दिलं. मात्र ती संधी मिळाली पोर्तुगीज बापाच्या घरी आणि पाद्र्यांच्या सावलीत. तो लहान आहे, असं तेव्हा कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता आपल्या माणसांकडे पाहा. जोतीराव १८४१ मध्ये पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेले. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली. बाबासाहेबांना मात्र हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिली नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे मुलाने कोणती भाषा शिकायची, हे त्याचं वय पाहून ठरलं नाही, जात पाहून ठरलं. त्याच बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाला जर्मन भाषेत पत्र लिहिलं आणि संस्कृतही स्वतःच्या बळावर शिकून घेतली.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? मुंबई राज्याच्या सरकारी धोरणात इंग्रजी आठवीपासून होती. १९५४ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून इतरांना इंग्रजी माध्यमात प्रवेश बंद करणारा आदेश निघाला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. छान झालं. पण दार उघडलं ते फी भरू शकणाऱ्यांसाठी. सरकारी मराठी शाळेतलं शेतमजुराचं पोर आठवीचीच वाट पाहत राहिलं, आणि आठवीपर्यंत टिकत होतीच किती?

पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीवर आली. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाली. तेव्हा मात्र कोवळ्या मनावरच्या ओझ्याची मोठी चर्चा झाली. ज्यांची स्वतःची मुलं-नातवंडं बालवाडीपासून इंग्रजीत शिकत होती, त्यांनाही अचानक आमच्या मुलांच्या ओझ्याची काळजी वाटू लागली! २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून वाद पेटला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळातही, पहिलीतली इंग्रजी नीट शिकवली जाते का, हा प्रश्न मागेच राहिला.

आता थोडं कडू बोलतो. आपणही एक चूक करतो. इंग्रजी विषय आणि इंग्रजी माध्यम यांची गल्लत करतो. मूल घरच्या भाषेत वाचायला, विचार करायला शिकलं, की दुसरी भाषा त्या पायावर उभी राहते. पायाच नसेल तर पाठांतर उरतं. ज्या बाबासाहेबांनी इंग्रजीत जगाशी वाद घातला, त्यांनीच 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. सोबत प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना किमान बारा रुपये पगारही मागितला. मागणी नुसत्या शाळेची नव्हती, नीट शिकवणाऱ्या माणसाची होती. आपलीही तीच असायला हवी. पुढच्या पालकसभेला जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि विचारा : पहिलीला इंग्रजी कोण शिकवतं? त्यांना प्रशिक्षण मिळालंय का? वर्गात मुलं बोलतात, की फक्त फळ्यावरचं उतरवून घेतात?

पाटी 'इंग्लिश मीडियम'ची आहे म्हणून फी भरायची, की हक्काच्या शाळेत हक्काची भाषा मागायची? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातला पहिला शब्द 'शिका' आहे. नुसता 'प्रवेश घ्या' नाही.

जय भीम!