पोर्तुगीज लेखनांतील आघातचिन्ह आणि आमचीं ग्रामनामें

साष्टी प्रांत इ. स. १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेला व १७३७-३९ च्या मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आला. या दोनशें वर्षांचे कागद वाचतांना अक्षरावरील एका लहानशा तिरक्या रेघेकडे दुर्लक्ष होतें. कांदिवलीस बसून जुनीं ग्रामनामें लावितांना आमच्याहि हातून तें झालें. म्हणून हें टिपण.

ही रेघ दीर्घत्व दाखवीत नाहीं. शब्दांतील कोणत्या अक्षरावर जोर द्यावा हें ती सांगते; शिवाय अ, ए, ओ यांवर आल्यास तो स्वर विवृत उच्चारावा असें सुचविते. ‘आवो’ या शब्दाच्या अंत्य ओकारावर ही रेघ असल्यास अर्थ आजी. तिच्या जागीं टोपीसारखें चिन्ह असल्यास आजोबा. ‘इंद्रशत्रु’ शब्दांतील स्वरदोषाची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. मात्र वैदिक उदात्त सुराचा, हा आघात बळाचा. आणि ऋग्वेदाच्या प्रचलित पोथ्यांत उदात्तास चिन्हच नसतें, येथें तें आघातासच मिळतें.

आजचा नियम असा कीं, अ, ए, ओ यांनीं संपणाऱ्या शब्दांत चिन्ह नसेल तर आघात उपांत्य अक्षरावर पडतो. इ, उ यांनीं संपणाऱ्यांत तो अंत्य अक्षरावर आपोआप येतो. म्हणून कांदिवलीसारख्या ईकारान्त नामास चिन्हाची गरज नाहीं. उलट ठाणें, फोंडें, म्हापसें हीं नांवें पोर्तुगीज लेखनांत ताना, पोंडा, मापुसा अशीं अंत्य आकारावर चिन्ह देऊन येतात. चिन्ह गाळल्यास वाचक ‘मपूस’ याजवळचा उच्चार करील व आमचा अंत्य स्वर बुडेल. एंकारान्त नामांस आकार कां मिळाला? ठाण्यास, फोंड्यास हीं सामान्यरूपें परकीयांच्या कानीं वारंवार पडलीं असावीं, असा आमचा तर्क आहे. सांगें व केपें यांचा अंत्य एंकार मात्र टिकला. त्यावरहि आघातचिन्ह आहेच.

तथापि हा नियम जुन्या कागदांस लावूं नये. चिन्हांची आजची शिस्त मुख्यतः १९११ च्या शुद्धलेखनसुधारणेपासूनची आहे. तत्पूर्वींचें लेखन अनियमित असे. आज ‘आहे’ या अर्थाचा ‘ए’ आघातचिन्हानें ‘आणि’ या अर्थाच्या ‘ए’पासून वेगळा होतो, जुने लेखक त्यामागें अनुच्चारित हकार लिहून तोच भेद साधीत.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति एवढीच. नक्कल करितांना मूळांत नसलेलें चिन्ह घालूं नये, असलेलें गाळूं नये. सतराव्या शतकांतील म्हणून दाखविलेल्या कागदांत आजच्या नियमाप्रमाणें सर्वत्र चिन्हें आढळलीं, तर ती मागाहूनची नक्कल असावी असा संशय धरावा. ‘शुद्ध’ केलेली नक्कल हा पुरावा पुसून टाकते, आणि तो पुन्हां मिळत नाहीं.