हळद : तणनियंत्रण व नत्र खत

हळदीच्या मशागतीतील एकमेकांशी बांधलेली दोन कामे. महाराष्ट्रात सांगली, सातारा, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांत हळदीखाली मोठे क्षेत्र आहे. अक्षय्यतृतीयेपासून बेणे लावतात, उगवण सावकाश होते आणि पाने सरीवर सावली धरेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. तेवढ्या काळात माती उघडी असते, वर पाऊस असतो. तण माजते ते याच दिवसांत. नऊ महिन्यांच्या पिकाचे बरेचसे भवितव्य या पहिल्या टप्प्यात ठरते.

केना, घोळ, माठ हे हाताने उपटून निघतात. खरा त्रास लव्हाळ्याचा. त्याचे पाते ओढले की ते तुटून हातात येते आणि काळी गाठ जमिनीत राहते. तिच्यातून आठवड्याभरात पुन्हा कोंब वर येतो. त्यामुळे लव्हाळ्याचे रान हळदीला निवडूच नये. निवडले, तर उन्हाळी खोल नांगरट करून गाठी वेचून काढाव्यात. लागवडीनंतर लगेच, ओलाव्यावर ॲट्राझीनसारखे उगवणपूर्व तणनाशक फवारण्याची पद्धत आहे, पण लव्हाळ्याचा बंदोबस्त त्याने होत नाही. हळदीचे कोंब वर आल्यावर मात्र खुरपेच हाती घ्यावे. ग्लायफोसेट या तणनाशकाचा फवारा उडून पानांवर पडला, तर हळदच दगावते.

राज्यात शिफारशीची नत्रमात्रा हेक्टरी 200 किलो आहे, म्हणजे सुमारे 435 किलो युरिया. स्फुरद व पालाश लागवडीच्या वेळीच देतात. नत्र दोन समान हप्त्यांत देतात : पहिला 45 दिवसांनी, दुसरा 105 दिवसांच्या सुमारास भरणीला. दोन्ही हप्त्यांआधी खुरपणी झालीच पाहिजे. मजूर मिळाले नाहीत म्हणून तणातच युरिया फेकणे हा सर्वांत महागडा आळस होय. तणांची मुळे वरच्या थरात दाट पसरलेली असतात आणि युरिया आधी तीच उचलतात. खत बुंध्यापासून चार बोटे दूर टाकून मातीआड करावे. उघड्यावर राहिलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. ठिबक असेल, तर हीच मात्रा लहान हप्त्यांत विभागता येते.

भरणीत सरीतली माती वरंब्यावर चढवतात. तिने खत झाकले जाते, उरलेले तण गाडले जाते आणि उघडे पडलेले गड्डे मातीआड होतात. भरणीनंतर युरिया देऊ नये. पुढे हळकुंडे पोसण्याचा काळ असतो. तेव्हा नत्र मिळाले की पाला हिरवागार माजतो, पक्वता लांबते.

केरळात रीत वेगळी. कोळिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी अवघी 60 किलो नत्राची आहे. तेथे लागवडीबरोबरच वाफ्यांवर हेक्टरी 12 ते 15 टन हिरव्या पाल्याचे आच्छादन घालतात. ते तण दडपते, कुजून जमिनीला नत्रही देते. खुरपणी, खत व भर झाल्यावर पाला पुन्हा पसरतात.

आंतरपीक म्हणून घेवडा किंवा कोथिंबीर बरी. मोकळी जागा झाकली जाते आणि पीक लवकर निघते. मका घेऊ नये. तो नत्राला हळदीइतकाच हावरा आणि वर सावलीही करतो.