यंत्राच्या जमिनीचा सातबारा

मुंबई-नाशिक रस्त्यावरचे गाव म्हणून पडघा ठाणे जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. पण विजेच्या जगात या नावाला निराळे वजन आहे. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरचा प्रवास करून येथे उतरते. एकदिश प्रवाहाची ही वाहिनी १९९९ साली सुरू झाली, आणि १,५०० मेगावॅट वीज वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा कळवा-पडघा वाहिनीचे नाव शहरातील घराघरांत पोहोचले. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर दोष उद्भवला, तर तो १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, तोडून अलग केला पाहिजे, असा आपल्याकडे दंडक आहे. एवढ्या अवधीत माणसाचा हात उचलतही नाही. म्हणून प्रवाह मोजणे, तो मर्यादेत आहे की नाही हे ठरविणे आणि खटका पाडणे ही कामे आता यंत्राच्या पोटात बसविलेले लहान संगणक करतात.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. मोजणारे उपकरण कोठे आणि खटका कोठे, हे संगणकाला कळते कसे? त्याला ना डोळे, ना हात. अमुक पत्त्यावरचा आकडा वाचणे आणि तमुक पत्त्यावर आकडा लिहिणे, एवढेच त्याला येते. तेव्हा प्रत्येक उपकरणाला कोणता तरी पत्ता नेमून द्यावा लागतो. ही नेमणूक कोणी, कशी आणि कोणत्या हक्काने केली, याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत. विषय यंत्रांचा असला तरी मूळ कथा जमिनीची आहे. आणि जमिनीची कथा आपणां कोणासच परकी नाही.

आपल्या देशात या इतिहासाचा एक आरंभ मुंबईतच झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला मोठा गणकयंत्र-प्रकल्प १९६० साली कामास लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्दांची जागा होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. त्या पिढीच्या यंत्रांत मेमरी म्हणजे आकडे ठेवण्याचे कोठार. कागदी पट्टी वाचणे किंवा उत्तर छापणे यांसाठी साधारणतः स्वतंत्र हुकूम असत. कोठारात उपकरणांना जागा देण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न ठळकपणे पुढे आला १९७० साली. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-११ हा संगणक बाजारात आणला आणि उपकरणांचे वेगळे हुकूमच काढून टाकले. एकंदर ६५,५३६ पत्ते. त्यांपैकी सर्वांत वरचे ८,१९२, म्हणजे बरोबर आठवा हिस्सा, उपकरणांसाठी राखून ठेवला. गावाच्या शिवारात गुरचरण राखावे, तसाच हा प्रकार. त्या राखीव भागात आकडा लिहिला की तो साठून राहत नसे. छपाईचे यंत्र हलत असे. सर्व कंपन्यांना ही रीत पटली असे मात्र नाही. १९७४ साली इंटेलच्या ८०८० प्रोसेसरने उपकरणांसाठी २५६ दारे निराळी ठेवली. तर त्याच वर्षीच्या मोटोरोलाच्या ६८०० ने पीडीपीचाच मार्ग धरला.

राखीव जागेचा हिशेब चुकला की पुढच्या पिढ्यांना तो कसा भोवतो, हे १९८१ च्या आयबीएमच्या छोट्या संगणकाने दाखविले. त्याच्या प्रोसेसरला १०,४८,५७६ पत्ते होते. ६४० किलोबाइट कार्यक्रमांना दिले. वरचे ३८४ किलोबाइट पडदा, जोडपट्ट्या आणि यंत्राचा कायमचा कार्यक्रम यांच्या नावे लागले. त्या वेळी ही वाटणी उदार वाटली. थोड्याच वर्षांत कार्यक्रम वाढले आणि जमीन अपुरी पडू लागली. पण पलीकडची जागा उपकरणांच्या वहिवाटीत गेलेली! ती सोडवून घेण्यासाठी अनेक आडवाटा काढाव्या लागल्या. शिवाय प्रत्येक जोडपट्टीचा पत्ता तिच्यावरील चिमुकल्या खुंट्या हाताने हलवून ठरवावा लागे. दोन पट्ट्या एकाच पत्त्यावर बसल्या, तर दोघी एकदम उत्तर देत आणि यंत्राला एकीचेही नीट ऐकू येत नसे.

१९९२ च्या पीसीआय पद्धतीने हा तंटा बराचसा मिटविला. तिच्यात उपकरणालाच विचारतात, तुला जागा किती हवी? विचारण्याची रीत मोठी चतुर आहे. उपकरणातील ठराविक जागी सर्व बिट 'एक' लिहावयाचे आणि लगेच परत वाचावयाचे. जे बिट बदलत नाहीत, त्यांवरून त्याची मागणी कळते. मग यंत्र सुरू होतानाच सर्वांस आपापला तुकडा मिळतो.

परंतु पडघ्यासारख्या केंद्रात, किंवा घरातल्या वीजमीटरात, जो लहान संगणक बसतो, त्याची गोष्ट निराळी आहे. तेथील बहुतेक उपकरणे प्रोसेसरच्या शेजारी एकाच चिपमध्ये कोरलेली असतात. त्यांची जागा चिप घडविणाऱ्याने आधीच ठरविलेली असते आणि विचारले तरी ती सांगत नाहीत. नवशिका ड्रायव्हर-लेखक येथे हमखास फसतो. उपकरणासाठी मेमरी 'मागून घ्यावी' असे त्याला वाटते. वास्तविक मागून घेण्यासारखे तेथे काही नसते. जमीन वाटणारा वेगळा, नोंद ठेवणारा वेगळा आणि कसणारा वेगळा. ड्रायव्हर हा कसणारा आहे. त्याने नोंद वाचावी, त्या तुकड्यावर आपला हक्क नोंदवावा, आणि तेथे जाण्याची वाट मागून घ्यावी.

ही नोंद फार दिवस ड्रायव्हरच्या आणि संबंधित कार्यक्रमांच्या मजकुरातच विखुरलेली असे. मोबाइल फोनांबरोबर एआरएम चिपांचे प्रकार वाढले, तशी लिनक्समध्ये या मजकुराची बजबजपुरी माजली. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर 'डिव्हाइस ट्री' नावाची स्वतंत्र नोंदवही एआरएमवर रूढ झाली. तिचे मूळ १९९४ साली प्रमाणित झालेल्या ओपन फर्मवेअरमध्ये आहे. उपकरण कोणते, त्याचा पहिला पत्ता कोणता आणि लांबी किती, एवढे तिच्यात लिहितात. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी शेताला क्रमांक आणि हद्द देण्याची जी पद्धत बसविली, तिच्याशी याचे साम्य सहज लक्षात येईल.

पण सातबाऱ्याला जी मर्यादा, तीच या वहीला. नोंद चुकली म्हणून जमीन हलत नाही. लिनक्समध्ये एका ड्रायव्हरने हक्क सांगितलेला तुकडा दुसऱ्याने रीतसर मागितला, तर त्यास नकार मिळतो. परंतु न विचारता नांगर घालणाऱ्यास ही वही अडवीत नाही. आणखी एक सावधगिरी आहे. मेमरीतला आकडा जवळ उतरवून ठेवून पुन्हा पुन्हा वापरला तर काम वेगाने होते. उपकरणाच्या बाबतीत तसे केल्यास घात होतो. क्षणापूर्वीचा प्रवाह हा आताचा प्रवाह नव्हे. म्हणून तो भाग दरवेळी प्रत्यक्ष जाऊन वाचावा, अशी व्यवस्था करावी लागते.

यंत्र बंद पडले तर चूक निदान कळते. भय आहे ते शेजारच्या हद्दीत गुपचूप लिहिल्या गेलेल्या आकड्याचे. कारण तो कदाचित वर्षभर निरुपद्रवी राहील, आणि ज्या १०० मिलिसेकंदांसाठी सारी यंत्रणा उभारली त्याच वेळी दगा देईल.

आतापर्यंत ही जमीन बहुतांशी परदेशातच मोजली आणि वाटली गेली. आपण केवळ कसणारे राहिलो. ही स्थिती पालटू लागली आहे. पवईच्या आयआयटीत घडविलेला 'अजित' प्रोसेसर २०१९ साली लोकांपुढे आला. त्याची चिप मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. त्याची रचना स्पार्क पद्धतीची असून तिच्यात उपकरणांसाठी वेगळी दारे नाहीत. सर्व व्यवहार पत्त्यांनीच चालतो. म्हणजे कोणता पत्ता कोणास द्यावा, हा निर्णय आता पवईतही होऊ शकतो. अशा निर्णयाचे आयुष्य तो घेणाऱ्याच्या नोकरीहून मोठे असते, हे १९८१ च्या उदाहरणावरून आपण पाहिले. भिवंडी-पडघ्याकडील जे विद्यार्थी उद्या या कामाकडे वळतील, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, हद्द आखताना पुढच्या पिढीसाठी मोकळी जागा सोडा, आणि आखलेली हद्द दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहून ठेवा.