‘आमच्या पश्चात काय?’ : पालकांची चळवळ आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९

प्रस्तावना

भारतातील विकासात्मक अपंगत्वाचा इतिहास सामान्यतः विशेष शाळा, उपचारपद्धती आणि सेवाभावी संस्था यांच्या आधारे मांडला जातो. या मांडणीच्या केंद्रस्थानी बालक असते. ते प्रौढ झाल्यानंतरचे आयुष्य तुलनेने दुर्लक्षित राहते. पालकांना मात्र ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हाच प्रश्न अखेरपर्यंत अस्वस्थ करतो. या खाजगी चिंतेचे कायद्याच्या तरतुदीत रूपांतर कसे झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पालकांनी उभारलेल्या संस्था

या क्षेत्रातील आरंभीचे कार्य बव्हंशी पालकांच्या गरजेतून उभे राहिले. डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी वकील दांपत्याने १९४४ मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा पुढे ‘जय वकील’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ची स्थापना झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या माता डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. या संस्थांमुळे शिक्षणाची वाट खुली झाली. तथापि प्रौढ व्यक्तीचे कायदेशीर स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या कक्षेबाहेरचे होते.

सुधारणेतून निर्माण झालेली पोकळी

१९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ने जडबुद्धी आणि मनोरुग्ण यांना एकाच व्याख्येत बसविले होते. ही व्याख्या अशास्त्रीय व अपमानास्पद होती. परंतु याच कायद्यान्वये जिल्हा न्यायालयाकडून प्रौढ व्यक्तीसाठी पालक व मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता येत असे. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने जुना कायदा रद्द केला आणि ‘मानसिक रुग्ण’ या संज्ञेतून मतिमंदत्व वगळले. मतिमंदत्व हा आजार नव्हे, हे त्यातून मान्य झाले. हा अधिनियम १९९३ मध्ये अंमलात आला.

वैद्यकीय दृष्ट्या योग्य असलेल्या या बदलाबरोबर पालकत्वाची तरतूदही नाहीशी झाली. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम केवळ अज्ञानांपुरता होता. परिणामी मुलाने १८ वर्षे पूर्ण करताच आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपुष्टात येई. बँक खाते, वारसाहक्काची मालमत्ता, घराचा व्यवहार अशा बाबतींत त्यांच्या सहीला आधार उरत नसे. उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा मार्ग सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हता. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शिक्षण व रोजगारासंबंधी हक्क दिले. पण पालकत्वाचा प्रश्न अनुत्तरित ठेवला. शिवाय त्यातील सात प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता.

राष्ट्रीय न्यासाची निर्मिती

याच सुमारास विखुरलेल्या पालक संघटना एकत्र येऊ लागल्या व १९९५ मध्ये ‘परिवार’ हा त्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. स्वतंत्र कायद्याच्या मागणीस डिसेंबर १९९९ मध्ये यश आले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास स्थापन करणारा अधिनियम संमत झाला आणि न्यासाच्या मूळ निधीसाठी केंद्र शासनाने १०० कोटी रुपयांची एकरकमी तरतूद केली.

आईवडिलांच्या मृत्यूनंतर अपंग व्यक्तीची काळजी व संरक्षण यांसाठी उपाययोजना करणे, हे न्यासाच्या उद्दिष्टांत स्पष्टपणे नमूद आहे. घरात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न येथे कायद्याची भाषा बनला. पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीस मिळाला. जिल्हा दंडाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी तिची रचना आहे. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी व त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. छळ वा हेळसांड आढळल्यास त्याला दूरही करता येते. म्हणजेच पालकांवर विश्वास टाकतानाच त्यांच्यावर देखरेखही ठेवली गेली.

पालकत्वाकडून सहनिर्णयाकडे

या यशात एक ताण मात्र दडलेला होता. पालकाचा अधिकार जितका व्यापक, तितका त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मताला वाव कमी. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यातील १२ व्या कलमाने अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगड येथील एका प्रकरणात, सौम्य मतिमंदत्व असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, स्वमग्नतेचा त्यांत समावेश केला आणि परस्पर विश्वासावर आधारित सहनिर्णयाची ‘मर्यादित पालकत्व’ ही संकल्पना आणली. १९९९ चा अधिनियमही अस्तित्वात असल्याने पालकत्वाच्या दोन भिन्न कल्पना आज एकाच वेळी लागू आहेत.

समारोप

एका अन्यायकारक व्याख्येची दुरुस्ती करताना कायद्याने प्रौढ व्यक्तींना निराधार केले. ती उणीव सर्वप्रथम ओळखली ती पालकांनी. त्यांची मागणी संरक्षणाची होती आणि त्या परिस्थितीत ती रास्तच होती. पुढील काळाने तिच्या शेजारी स्वायत्ततेची मागणी आणून उभी केली. ‘आमच्या पश्चात काय?’ या पालकांच्या प्रश्नाइतकाच ‘मला काय हवे?’ हा त्या व्यक्तीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उत्तर देताना दुसरा ऐकला जातो की नाही, यावरच यापुढील धोरणाचे मूल्यमापन व्हावे लागेल.