ओव्हरलँडिंग वाहन : फेरबदल व सज्जता

डांबरी रस्ता संपल्यावरही पुढे जाता यावे आणि वस्तीपासून दूर काही दिवस मुक्काम करता यावा, यासाठी फेरबदल करून सज्ज केलेले वाहन. बहुधा ते फोर-व्हील ड्राइव्हचे आणि लॅडर फ्रेम चेसिसवर बांधलेले असते. ऑफ-रोडिंगच्या स्पर्धेतील गाडीहून त्याची गरज वेगळी असते. स्पर्धेची गाडी संध्याकाळी ट्रेलरवर चढून घरी जाते. या गाडीला मात्र पाणी, इंधन, शिधा, बिछाना, हत्यारे असे सगळे अंगावर घेऊन चालायचे असते, आणि बिघडली तर आहे त्या जागी दुरुस्त व्हायचे असते. त्यामुळे अशा सज्जतेत पहिला आणि शेवटचा प्रश्न वजनाचा असतो.

ही विद्या वाळवंटात घडली. ब्रिटिश लष्करातील अधिकारी राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९२०-३०च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात लांबलांबचे प्रवास केले. इंजिन तापले की रेडिएटरमधले पाणी वाफ होऊन उडून जाई, आणि वाळवंटात ते पुन्हा भरणार कुठून? म्हणून रेडिएटरची नळी त्यांनी गाडीच्या बाजूला बांधलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन थंड होई, आणि इंजिन निवले की निर्माण झालेल्या पोकळीमुळे तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाई. रुतलेल्या चाकांखाली घालायला त्यांना कैरोच्या जुन्या लोखंडाच्या दुकानात पन्हळी पोलादी पट्ट्या सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. आज गाडीच्या टपावर दिसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या फळ्या याच पट्ट्यांच्या वंशातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४०मध्ये, बॅग्नॉल्ड यांनी इजिप्तमध्ये ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही लष्करी तुकडी उभारली, तेव्हा शेवरोले ट्रकांची दारे आणि टप काढून टाकले, स्प्रिंगांना जादा पाटे चढवले आणि मगच रसद भरली. आधी काढायचे आणि मग चढवायचे हा त्यांचा क्रम होता. आजच्या गाड्यांत तो अभावानेच दिसतो, आणि बरेच दोष तिथूनच सुरू होतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि लँड रोव्हर नागरिकांच्या हाती आल्या. १९५५च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि भारत, ब्रह्मदेश ओलांडून मार्च १९५६मध्ये सिंगापूरला पोहोचले. ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण निर्मनुष्य अंतर्भागामुळे तेथे या सामानाचा मोठा व्यवसायच उभा राहिला. गाडीच्या टपावरचा तंबू युरोपातून आला. भारतात महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. आजची थार आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही इथल्या हौशी प्रवाशांची नेहमीची वाहने आहेत. मारुतीची जिमनीही आता त्यांच्या पंगतीत बसली आहे.

वजनाचा हिशेब : वाहनाचे कमाल अनुमत वजन कंपनी ठरवून देते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. या वर्गातील अनेक गाड्यांत ती ४०० ते ६०० किलोच्या दरम्यान असते. आता बेरीज करून पाहावी. टपावरचा तंबू ६० किलो, पोलादी बंपर आणि विंच मिळून १००, चाळीस लिटर पाणी ४०, चाळीस लिटर जादा डिझेल ३४, भरलेला फ्रिज ४०, लिथियम बॅटरी १२, हत्यारे व दोर ४०, मागचे ड्रॉवर ६०, दोन माणसे १४० : एकूण ५२६ किलो. कपडे, शिधा आणि भांडी अजून धरलेलीच नाहीत. मर्यादेपलीकडे लादलेल्या गाडीचे ब्रेक उशिरा लागतात, शॉकअब्जॉर्बर तापून निकामी होतात आणि खडबडीत वाटेवर चेसिसलाही तडे जातात. दणकट स्प्रिंगा बसवल्याने गाडीची मागची बाजू उचललेली दिसते, पण कंपनीने दिलेली मर्यादा वाढत नाही. टपाची मर्यादा तर आणखी कमी असते. चालत्या गाडीच्या टपावर अनेक कंपन्या ५० ते १०० किलोच परवानगी देतात. उभ्या गाडीच्या टपावर धक्के नसल्याने याहून बराच जास्त भार चालतो, म्हणूनच तंबूत दोघांना झोपता येते. सामान भरताना जड वस्तू खाली आणि दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर जाण्यासारख्या वस्तू म्हणजे तंबू, फळ्या आणि फार तर ताडपत्री.

चाके : एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते टायरवर करावेत. ‘ऑल टेरेन’ टायर डांबरी रस्त्यावर बरा चालतो आणि मुरूम, दगड, वाळूही निभावतो. ‘मड टेरेन’ टायरच्या खोल नक्षीत चिखल अडकून राहत नाही, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी आणि आवाज जास्त. मात्र टायरपेक्षाही त्यातल्या हवेचा उपयोग मोठा आहे आणि त्याला जवळजवळ काही खर्च नाही. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असलेली हवा वाळूत १५ ते १८पर्यंत उतरवली, की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबट पसरतो, भार विभागला जातो आणि चाक रुतायचे थांबते. अशा हवेवर वेग कमी ठेवावा, झटक्यात वळू नये. टायर रिममधून निसटू शकतो. डांबरावर परतताच हवा भरली पाहिजे, नाहीतर टायरच्या बाजूची भिंत तापून फाटते. त्यासाठी प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. मोठ्या मापाचे टायर घातले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, गाडीची ओढ कमी होते आणि ब्रेकवर ताण येतो.

गाडी उचलणे : सस्पेन्शन बदलून गाडी दोन इंच उचलली की बॉडीखाली जागा मिळते, पण अखंड अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. थारला मागचा आणि जिमनीला दोन्ही अ‍ॅक्सल असे अखंड आहेत. उचललेली गाडी वळणावर जास्त कलते, हेही लक्षात घ्यावे. डिफरन्शियल लॉकमुळे एक चाक हवेत फिरत असले तरी दुसऱ्याला जोर मिळतो. गुरखाला असे लॉक पुढे-मागे दोन्हीकडे कंपनीकडूनच येतात, आणि स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळीही. स्नॉर्कलने इंजिनाला धुळीच्या लोटावरची स्वच्छ हवा मिळते आणि ओढा ओलांडताना पाणी आत जात नाही. पाणी दाबले जात नसल्याने ते सिलिंडरमध्ये शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ब्रीदर नळ्या वर घेतल्या नसतील, तर तिथून पाणी तेलात शिरतेच.

रुतलेली गाडी काढणे : आधी हवा कमी करावी, मग फावड्याने चाकांपुढची माती काढावी, मग फळ्या घालाव्यात. दुसऱ्या गाडीने ओढणे त्यानंतर. ताणणारा दोर वापरताना त्यात मोठी ऊर्जा साठते, म्हणून तो चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच अडकवावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवल्यावर तो गोळा तुटून माणसे दगावली आहेत. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे राहावे. विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा घेतात. मध्ये कप्पी घातली की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा.

वीज : चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ४८ अँपिअर-तास लागतात. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच वापरणे तिच्या आयुष्यासाठी बरे, म्हणजे जेमतेम एक दिवस. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पावणेदोन दिवस काढते. फ्रिजसाठीची ही वेगळी बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीला डीसी-डीसी चार्जरने जोडली की रात्री फ्रिज चालूनही सकाळी गाडी सुरू होते. प्रत्येक तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज लावावा. पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडलेली तार हे गाड्यांना आग लागण्याचे नेहमीचे कारण आहे.

मुक्काम : झोपायला टपावरचा तंबू, गाडीतला बिछाना किंवा साधा जमिनीवरचा तंबू, यांपैकी शेवटचा सर्वांत हलका आणि स्वस्त. शिवाय मुक्कामाला तो मांडून ठेवून गाडी दुसरीकडे नेता येते. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज किमान ५ लिटर पाणी धरावे, तेही दोन वेगळ्या कॅनमध्ये, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो. थंडीत ऊब यावी म्हणून बंद गाडीत किंवा तंबूत सिगडी, शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. हिमालयात दरवर्षी यात माणसे जातात.

भारतातील कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ वर्णनाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितले. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या पुढे लोखंडी बुल बार लावण्यास केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये मनाई केली. पादचाऱ्याला त्याने जबर इजा होते आणि एअरबॅगचे सेन्सरही चुकू शकतात. त्यामुळे बंपर, उंची, टायरचे माप यांत हात घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे लेखी विचारणा करावी. काढता-घालता येणारे सामान, म्हणजे फ्रिज, पेट्या, कॉम्प्रेसर, फळ्या, तंबू, यांवर भर दिला तर यातली बरीच अडचण टळते.

प्रदेशानुसार सज्जता बदलते. मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावरील ‘पुढचा पंप ३६५ किमी’ हा फलक प्रसिद्ध आहे. तिथे जादा इंधन लागते, आणि कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल गोठते. सह्याद्रीत पेट्रोल पंप जवळ असतात. तिथे पावसाळी चिखल, जोरदार ओढे आणि अरुंद घाट यांच्याशी गाठ असते, म्हणून चांगले टायर आणि दोर पुरे. जंगलातील वाटांना वनविभागाची परवानगी लागते. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे दंडनीय आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडे (कातळाची पठारे) वरून ओसाड दिसले, तरी त्यांच्या पातळ मातीत पावसाळी वनस्पती उगवतात, आणि काही सड्यांवर २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलेली कातळशिल्पे जमिनीवरच कोरलेली आहेत. तिथे गाडी रस्त्यावर ठेवून चालत जावे.