संगणक की खेळणे? बुलढाण्याच्या घरांतील एका प्रश्नाचा इतिहास

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने पांढऱ्या-लाल रंगाचे एक यंत्र १४,८०० येनला विक्रीस आणले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडायचे आणि त्यावर खेळायचे. खेळण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. तरीही त्याचे नाव ठेवले गेले ‘फॅमिली कॉम्प्युटर’.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत जो वाद झाला, त्याची दोन टोके त्यांत दिसतात. एका टोकाला शिक्षणाचे साधन म्हणून येणारा संगणक, दुसऱ्या टोकाला संगणकाचे नाव लावून येणारे खेळणे. खेळायचे तर संगणक घ्यावा की कन्सोल, हा आज तरुणांना तांत्रिक प्रश्न वाटतो. येथे तो आधी सामाजिक होता, आणि त्याच्या मुळाशी सरकारी जकातीचे कोष्टक होते.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधी सरकारचे संगणक धोरण आले आणि आयातीचे निर्बंध सैल झाले. त्याच सुमारास ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून निवडक शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळू लागले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती काढली. स्मृती ४८ किलोबाइट, पडदा घरच्या टीव्हीचा, आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची असते तशीच कॅसेट. स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये गाजला तो प्रामुख्याने खेळांमुळे, परंतु घरात यंत्र आणताना ‘बेसिक’ भाषा शिकण्याचे कारण पुढे करता येत असे. संगणकाला हे कारण सदैव उपलब्ध राहिले. कन्सोलला ते कधीच मिळाले नाही.

कन्सोलच्या वाटेत अडथळा होता तो आयातशुल्काचा. १९९५ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने भारतात विक्रीसाठी शॉ वॉलेसशी करार केला. (होय, मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेली तीच शॉ वॉलेस.) ऐंशी टक्के आयातशुल्क टाळणे हा या कराराचा हेतू होता. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये झाली. कापूस विकून वर्षाचा हिशेब जुळवणाऱ्या खामगाव-नांदुऱ्याच्या कुटुंबाला ही रक्कम खेळण्यावर घालणे अशक्यप्राय होते.

म्हणून येथे खरी मुळे धरली ती फॅमिली कॉम्प्युटरच्या नकलांनी. ‘समुराई’ आणि ‘लिटल मास्टर’ ही नावे त्या काळातील अनेकांना आजही आठवतात. यंत्राला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. एका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असे, प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा आणि आणखी मोजकेच खेळ नाव व रंग बदलून पुन्हापुन्हा समोर येत. यांपैकी काही नकलांना कळफलक जोडलेला असे आणि ती यंत्रे ‘शैक्षणिक संगणक’ म्हणून विकली जात. मारिओ तोच, कॅसेटही तीच, केवळ कळफलकाने वडिलांची संमती मिळवलेली. हा कळफलक म्हणजे त्या काळच्या मध्यमवर्गीय मनाचा एक दस्तऐवजच होय. विश्रांती आणि करमणूक यांचे समर्थन अभ्यासाच्या नावाने करावे लागत होते.

कायद्याचे मनही याहून वेगळे नव्हते. जागतिक जकात-वर्गीकरणात संगणकाचे शीर्ष ८४७१, तर व्हिडिओ गेमचे ९५०४. हे दुसरे शीर्ष पंचाण्णवाव्या प्रकरणात येते. ते प्रकरण खेळणी आणि क्रीडासाहित्याचे असून तेथे कन्सोल पत्ते आणि बिलियर्ड्सच्या पंगतीला बसतो. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञान करार झाला व १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्यानुसार २००५ पर्यंत संगणक व त्याच्या बहुतांश सुट्या भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले. कन्सोल त्या यादीत नव्हता. एकाच प्रकारच्या चिपा वापरणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक विकासाचे साधन ठरले, दुसरे चैनीचे.

सोनी कंपनीला या रेषेचे मोल पुरते ठाऊक होते. युरोपात प्लेस्टेशन २ सोबत बेसिक भाषेची एक तबकडी दिली गेली, आणि हे यंत्र संगणकच आहे असा कंपनीने दावा केला. २००१ मध्ये युरोपीय आयोगाने ते व्हिडिओ गेमच ठरवले. २००३ मध्ये तेथील न्यायालयाने आयोगाचा नियम रद्द केला. स्वस्त नकलेच्या विक्रेत्याने कळफलक जोडला आणि बलाढ्य सोनीने तबकडी जोडली. युक्ती एकच.

महाराष्ट्रात संगणकाच्या पारड्यात आणखी एक वजन पडले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्यांपर्यंत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र उपयोगी, म्हणून घरी संगणक हवा, हा युक्तिवाद चिखली-मेहकरच्या घरांत टिकणारा होता. यंत्रही ‘असेंबल’ करून घेता येई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग लहान शहरांतील दुकानांपर्यंत येत, पैसे असतील तसे बसवता येत. आज प्रोसेसर, पुढच्या दिवाळीला ग्राफिक कार्ड. कन्सोलची रक्कम मात्र एकरकमी मोजावी लागे.

भारनियमनाचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विदर्भातील गावांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. संगणकासोबत बहुधा यूपीएस घेतला जाई, आणि लाइट गेली तरी खेळ जतन करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे मिळत. टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवरचा डाव एका क्षणात संपे. शिवाय घरात टीव्ही एकच. संध्याकाळी त्यावर मालिकांचा हक्क असे, आणि ‘व्हाइस सिटी’साठी तो हक्क कोणी सोडेल हे संभवत नव्हते. संगणकाचा पडदा त्याचा स्वतःचा होता. आज तुलना करताना चित्राची स्पष्टता आणि फ्रेमचा वेग मोजतात. येथील निवड पुष्कळदा विजेने आणि मालिकांच्या वेळापत्रकाने केली, हे विसरले जाते.

कन्सोल पूर्णपणे हरला असे मात्र नाही. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना प्लेस्टेशन ३ भारतात अधिकृतपणे आले, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे येथे जुना प्लेस्टेशन २ च विकला जात होता. ‘चिप मारलेल्या’ यंत्रावर नकली तबकड्या चालत, आणि हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होते. प्लेस्टेशन ३ च्या नव्या खेळाची अस्सल तबकडी अडीच हजारांच्या घरात जाई. संगणकावरही बहुतेक खेळ असेच मिळवलेले असत. पायरसीचा निषेध करणे सोपे आहे. पण तिच्याविना या जिल्ह्यातील एका पिढीला हे खेळ दिसलेच नसते, हेही नोंदवावे लागते.

पुढे करांनी पुन्हा तोच भेद गिरवला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संगणकावर १८ टक्के, कन्सोलवर २८ टक्के. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरील आयातशुल्क १० वरून २० टक्के झाले. १ जानेवारी २०१९ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, पण आयातशुल्क तसेच राहिले. २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत ४९,९९० रुपये होती. अमेरिकेतील ४९९ डॉलर तेव्हाच्या दराने, तेथील विक्रीकर वगळता, साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरत होते.

तोवर बहुसंख्य घरांपुरता वाद निकालात निघाला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या, आणि ज्या घरांनी संगणक किंवा कन्सोल कधीच घेतला नव्हता त्यांनीही मुलांच्या अभ्यासासाठी स्मार्टफोन घेतला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, पण फोन घरातच राहिला. त्यावर सकाळचे वर्ग चालू होते.